उजवीकडची

टॅप नाचाचा तो आवाज पुरिताच्या पायांनी आधी ओळखला, कानांनी नंतर. व्हॅन्जीच्या पार्लरमध्ये ती डोक्याला काळा रंग थापून, गळ्याभोवती प्लास्टिकचं कापड बांधून बसली होती. खुर्चीच्या पायपट्टीवर टेकलेली तिची टाच एकदम उचलली गेली आणि खाली आली. तिने चमकून पायाकडे पाहिलं. गुडघ्यांनी संप केल्यापासून हा पाय विचारल्याशिवाय काही करत नव्हता. मग तिला कळलं, की शेजारच्या खुर्चीत नखं रंगवून घेणाऱ्या मुलीच्या मांडीवरच्या फोनमधून आवाज येतोय. लाकडी फळीवर धातूच्या पट्ट्या. दोन जोड्या बूट. मागे तुतारी, आणि ती तुतारी वाजवणाऱ्याला दम्याचा त्रास होता हे तिला माहीत होतं, कारण तो तिचा बाप होता.

फोनच्या अर्ध्या पडद्यावर ती काळी-पांढरी चित्रफीत चालली होती आणि उरलेल्या अर्ध्यात एक मुलगा आणि एक मुलगी ती बघत होते. हल्ली ही एक रीतच निघाली होती: कुणीतरी जुनंपानं काही बघायचं, आणि बाकीच्या जगाने त्या बघणाऱ्यांची तोंडं बघायची. मुलगा रेन्झो, मुलगी इका. दोघं नाच शिकवणारी, मनिलाजवळच्या मारिकिनाची. ओरडण्यात पटाईत.

"थांब, थांब, मागे घे! डावीकडचीचा घोटा बघ! हाड आहे की नाही त्यात?"

"फास्ट केलंय रे हे."

"फास्ट कुठलं? मागचा पडदा बघ ना, नीट हलतोय. ही बाई खरंच एवढी जलद आहे. आणि चेहरा बघ, जशी काही बसची वाट बघतेय!"

"आई गं. माझ्या अंगावर काटा आलाय, हे बघ. आणि उजवीकडची?"

"उजवीकडची गोड आहे."

"गोड म्हणजे?"

"म्हणजे प्रयत्न करतेय बिचारी. पाव ठोका मागे आहे ना ती. आणि बघ, सारखी डावीकडचीकडे बघतेय. परीक्षेत शेजारणीच्या पेपरात बघतात तशी!"

दोघं हसली. नखं रंगवून घेणारी मुलगी हसली. व्हॅन्जी ब्रश हातात घेऊन मागे उभी होती, तिने मान पुढे काढली आणि किंचाळलीच. व्हॅन्जीच्या आईबापांनी मुलगा म्हणून तिचं नाव एव्हारिस्तो ठेवलं होतं, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आणि साम्पालोकच्या त्या गल्लीत सगळ्यांची लोला पुरिंग, म्हणजे पुरिंग आजी, असलेल्या पुरिताच्या जुन्या गोष्टी तिच्याइतक्या वेळा कुणी ऐकल्या नव्हत्या. "अगं बायांनो, हे तर डेल मार सिस्टर्स! लोला पुरिंग, तुम्हीच की या! डावीकडच्या तुम्ही ना?"

पार्लरमधल्या सगळ्या माना वळल्या. आरशातून तिच्याकडे सहा-सात चेहरे बघत होते आणि मधोमध तिचा स्वतःचा, कपाळावर रंगाचा ओघळ आलेला. प्रश्न पुरता संपायच्या आत तिचं तोंड बोलून गेलं होतं.

"मग? दुसरं कोण असणार?"

टाळ्या पडल्या. व्हॅन्जीने तिच्या गालाचा मुका घेतला आणि रंग आपल्या नाकाला लावून घेतला. घरी जाताना पुरिता नेहमीसारखी ताठ चालली. छत्री उघडली, कोपऱ्यावरच्या बाईकडून तळलेली केळी घेतली, जिना चढली. सगळं ठीक होतं. फक्त केळं चावताना तिला जाणवलं, की मघापासून आपण मनातल्या मनात एक ठोका मोजतोय आणि तो पकडता येत नाहीये.

खोटं बोलल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. रंगमंचावर वाढलेल्या माणसाला खोट्याची एवढी भीती नसते; डेल मार हे नावच खोटं होतं, खरं आडनाव दिमायुगा, ते भित्तीपत्रकावर शोभत नाही म्हणून मॅनेजरने समुद्रात बुडवलं; डेल मार म्हणजे समुद्राच्या. तिला लागलं ते निराळंच. पासष्ट वर्षांत तिला कुणी हे सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते या नाक टोचलेल्या पोराने, हसत, पावाचा तुकडा मोडावा तसं. त्याने तिचा अपमान केला असता तर तिने त्याला झोडपलं असतं. पण तो तिच्याशी बोलतच नव्हता. त्याने नुसतं बघितलं होतं, आणि जे दिसलं ते म्हटलं होतं. तिने नातीला फोन करून ती चित्रफीत आपल्या फोनवर मागवली आणि खिडकीपाशी बसून पाहिली. मग रेन्झो-इकाचे चेहरे हाताने झाकून पुन्हा पाहिली. डावीकडे चेलो, थोरली बहीण, जिला ती आते म्हणजे ताई म्हणायची. उजवीकडे ती, सोळा वर्षांची, दातांची पूर्ण रांग दाखवणारी. पाव ठोका. होता. नाही म्हणायला जागाच नव्हती.

हे तिला आधी का दिसलं नाही? कारण तिने हे आधी कधी पाहिलंच नव्हतं. हा नाच असलेला सिनेमा लागला तेव्हा त्या दोघी त्याच थिएटरात पडद्यामागे उभ्या असायच्या. पडद्यावर शेवट झाला, दिवे लागले, की दोन खेळांच्या मध्ये रंगमंचावर त्यांचा बोडाबिल, म्हणजे फुटकळ करमणुकीचा कार्यक्रम, सुरू. गाणं, नाच, विदूषक, जादूगार, पुन्हा नाच. दिवसातून चार-चार वेळा. स्वतःला बघायला वेळ कुणाला होता? नंतर स्टुडिओ जळला, फिती जळल्या, ही एक कुठे वाचली देव जाणे, आणि पुरिताकडे उरली ती आठवण. आठवणीत ती मध्यभागी होती. आठवणीत बाल्कनीतून शिट्ट्या येत आणि त्या तिच्यासाठी असत, आणि ते तर खरंच होतं, सैनिक, खलाशी, कॉलेज बुडवून आलेली पोरं, सगळी ओरडायची, "पुरिंग! पुरिंग!" चेलोसाठी कुणी ओरडत नसे. चेलो नाचायची ती भांडी घासावीत तशी, उरकून मोकळं व्हावं अशी. टिबो, त्यांचा नाचाचा मास्तर, पायाची दोन बोटं गेलेला, खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत शिकवायचा. तो पुरिताला दिवसभर शिव्या द्यायचा. "बदकीण! गुडघा कुणासाठी राखून ठेवलायस? पुन्हा!" चेलोला तो एक अक्षर बोलत नसे. तिचा नाच चालू झाला की तो टाळ्यासुद्धा थांबवायचा आणि सिगारेट हातात तशीच जळू द्यायचा. छोट्या पुरिताने यातून काय ते ओळखलं होतं. मास्तर ज्याच्यावर आशा ठेवतो त्यालाच ओरडतो, हे सगळ्या जगाला माहीत आहे. बिचारी आते, तिच्यावर त्याने वेळ घालवणंच सोडून दिलंय. आता खिडकीपाशी, गार झालेली केळी मांडीवर घेऊन, त्या जळत्या सिगारेटचा अर्थ ऐंशी पार केलेल्या पुरिताच्या अंगावर हळूहळू चढत गेला.

आणि मग चेलोने सोडलं. पंचावन्न साली, एका सोमवारी, मालाबोनच्या, मासेमारीची जाळी विकणाऱ्या ईसिंगशी लग्न करून. पुरिता रडली, पण आत कुठेतरी तिला आतेचं कौतुक वाटलं होतं: आपल्याला जमत नाही हे ओळखून वेळेवर बाजूला होणं सोपं नसतं. तेव्हापासून ती बहिणीशी फार चांगली वागत आली. प्रत्येक नव्या खेळाचे फुकट पास. हाँगकाँगच्या क्लबातून रेशमी झगे, सायगावहून अत्तर. पुढे थिएटरं बंद पडली, टीव्ही आला, पुरिताने लहान मुलींचे क्लास काढले, रेडिओवर दोनदा मुलाखती दिल्या, त्यातही ती न विसरता सांगायची, "माझी बहीणसुद्धा थोडं नाचायची बरं का." थोडं. तो शब्द आता आठवला आणि एकटी असूनही तिने पदराआड लपावं तसा पडदा ओढून घेतला.

दोन दिवसांनी व्हॅन्जीचा फोन आला. तिने त्या चित्रफितीखाली लिहून टाकलं होतं: डावीकडची राणी जिवंत आहे आणि माझ्या पार्लरमध्ये येते! रेन्झो आणि इका वेडी झाली होती. शनिवारी दुपारी मारिकिनाला यायचं, कॅमेऱ्यासमोर बसायचं, त्यांच्याबरोबर तो नाच बघायचा. गाडी पाठवतील. "लोला, आपण तुम्हाला तो हिरवा ड्रेस घालू या," व्हॅन्जी म्हणाली. "आणि केस मी करणार, पैसे घेतले तर माझा हात झडो."

पुरिता हो म्हणाली. फोन ठेवला आणि मालाबोनला निघाली.

मालाबोनला भरतीचं पाणी गल्लीत येतं, म्हणून लोक घरातली जमीन उंच करत राहतात. चेलोच्या घरात ती इतक्यांदा उंच झाली होती, की दारातून वाकून आत जावं लागे आणि आत गेल्यावर छपराचा पंखा कानाशी फिरे. चेलो बुटक्या स्टुलावर बसून कोळंबी सोलत होती. जाड झाली होती, सुना तिला भीत होत्या, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"डोकं सांभाळ," ती वर न बघता म्हणाली. "केस काळे केलेस? कुणाला फसवतेस?"

"आते, मला तुला काहीतरी दाखवायचंय."

"तो नाच ना? बघितला. धाकट्या नातवाने मागच्याच आठवड्यात दाखवला."

पुरिता उभीच राहिली. "मग मला फोन का नाही केलास?"

"कशाला? ती पोरं तुला काय काय बोलली ते ऐकलं ना मी. म्हटलं, तिच्या नजरेला न पडो, उगाच जीव कष्टी व्हायचा." चेलोने कोळंबीचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "बस की. बसायला पैसे पडत नाहीत."

पुरिता बसली. तिने घरून निघताना बरीच वाक्यं तयार केली होती. बहिणीला हळूच सांगायचं, की बघ, जग तुला चांगली म्हणतंय. मोठ्या मनाने सांगायचं. ते मोठं मन आता मांडीवर पडलेल्या पिशवीसारखं कुठे ठेवावं कळेना.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं. "तेव्हा? की तू माझ्यापेक्षा चांगली आहेस?"

"हे काय विचारणं झालं? तुला माहीत नव्हतं?" आता चेलोने वर पाहिलं. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. मग ती हसायला लागली, आवाज न करता, पोट हलवत. "अगं बये. म्हणून ते पास पाठवायचीस? ईसिंग म्हणायचा, तुझ्या बहिणीचं तुझ्यावर केवढं प्रेम! मी म्हणायची, हो, आहेच."

"मग सोडलंस का? मॅनेजरने काही केलं? ईसिंगने घातली अट?"

"कंटाळा आला."

"असं कसं? काहीतरी झालं असेल!"

"काही झालं नाही, पुरिंग. तुला प्रत्येक गोष्टीला मागे पडदा आणि तुतारी लागते. पाय आपले आपण चालायचे, मी वर रिकामी. नाचताना मी विचार करायची, आज रात्री भाताबरोबर काय. रोज चार वेळा तेच. लोक बघतात तेही मला आवडायचं नाही, उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटायचं." तिने हात कमरेच्या फडक्यावर पुसले. "ईसिंगने जाळं विणायला शिकवलं. ते मला येईना. बोटं कापायची, गाठी सुटायच्या. तिथे मी रमले."

"देवाने दिलेलं असं कुणी टाकतं का?" पुरिताचा आवाज चढला. दारातून एक सून डोकावली आणि पळाली. "मला दिलं असतं तर! तू जे करायचीस ते मी खोलीचं दार लावून करून बघायची. महिना-महिना. तुला ठाऊक आहे? आणि तू भाताबरोबर काय याचा विचार करत होतीस!"

"मग? चांगलं येतं म्हणून जन्मभर तेच करायचं, असं कुठे लिहिलंय? मला यायचं, तुला हवं होतं. मी बाजूला झाले, तू तीस वर्षं केलंस. कुणाचं काय बिघडलं?" चेलोने कोळंबीचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. "सोल. आणि त्या पोरांना सांगून टाक, डावीकडची मीच. मला त्याचं काही करायचं नाही. माझ्याकडे कुणी गाडी पाठवली तर ती पाण्यात बुडेल."

पुरिताने कोळंबी सोलली. चेलोने नूडल्सवर ती पसरून दोघींना वाढून घेतलं. पुरिताने दोनदा मागून घेतलं. रडायचं होतं पण जेवण फार चांगलं झालं होतं.

परतीच्या जीपनीत, म्हणजे जीपच्या लांबट शेअर-गाडीत, ती खिडकीशी बसली. आता दुःख होईल म्हणून ती वाट बघत राहिली. बाहेर मोनुमेंतोचा गोल चौक गेला, गाड्यांचा धूर आला, शेजारच्या माणसाने भाड्याची नाणी पुढे पाठवायला तिच्या हातात दिली आणि तिने ती पुढे दिली. दुःख आलं, पण ते अपेक्षेपेक्षा बुटकं निघालं. त्याच्या डोक्यावरून पलीकडचं दिसत होतं. पलीकडे बाल्कनी होती. शिट्ट्या खऱ्या होत्या. ती माणसं काही बहिरी-आंधळी नव्हती. त्यांनीही डावीकडचे पाय पाहिले असतील, आणि तरी ती ओरडली "पुरिंग". का? सोळा वर्षांची एक मुलगी, जिला येत नाही आणि जी थांबत नाही. जिला ते एवढं हवंय, की हवं असणंच चेहऱ्यावर नाचतंय. युद्धात घरं जळालेल्या त्या लोकांना, हातात काही नसताना काहीतरी हवं असणं ओळखीचं असेल. की तिचे दात सुंदर होते एवढंच? तेही असेल. दात खरोखरच सुंदर होते. तीस वर्षं तिने हाँगकाँगपासून योकोहामापर्यंत भाड्याच्या फळ्या वाजवल्या, आणि एकदाही तिला कंटाळा आला नव्हता. एकदाही नाही. ही गोष्ट तिने आजवर कधी मोजमापात धरली नव्हती, कारण सगळ्यांचंच असं असतं असं तिला वाटायचं.

शनिवारी ती हिरव्या ड्रेसमध्ये मारिकिनाला गेली. त्या दोघांचा स्टुडिओ म्हणजे एक जुनं गॅरेज होतं, भिंतीवर फोम चिकटवलेला, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. रेन्झोने, वडीलधाऱ्यांचा लावतात तसा, तिचा हात आपल्या कपाळाला लावला. प्रत्यक्षात तो लाजाळू होता. इका पुन्हापुन्हा कॅमेरा तपासत होती. व्हॅन्जी मागे उभी राहून पुरिताचे केस शेवटपर्यंत सारखे करत होती. दिवा लागला, आणि दिवा लागल्याबरोबर पुरिताची पाठ सरळ झाली.

"मित्रांनो," इका कॅमेऱ्याला म्हणाली, "तुम्ही महिनाभर विचारत होता ती डावीकडची राणी..."

"थांब, बाळ," पुरिता म्हणाली. "डावीकडची माझी बहीण. कोन्सुएलो दिमायुगा. मालाबोनला असते. मी उजवीकडची."

व्हॅन्जीच्या हातातला कंगवा खाली पडला. इकाने रेन्झोकडे पाहिलं आणि दोघांनाही एकाच वेळी काय काय आठवलं, ते त्यांच्या मानेपासून वर लाल होत गेलं.

"लोला," रेन्झो म्हणाला, "आम्ही... उजवीकडचीबद्दल आम्ही जे बोललो..."

"ऐकलंय मी. पाव ठोका मागे. बरोबर आहे तुझं. तुझा कान चांगला आहे."

"तसं नव्हतं म्हणायचं. म्हणजे तुम्ही पण छान..."

"आता माती करू नकोस. चांगलं बघितलंस ते बघितलंस." तिने ड्रेसची घडी गुडघ्यावर नीट केली. पार्लरमध्ये खोटं बोलले हेही तिने कॅमेऱ्याकडे बघून सांगून टाकलं. मागून व्हॅन्जी "आई गं" म्हणाली आणि मग स्वतःच हसली. "फक्त एक गोष्ट सुधारू या. मी बघून करत नव्हते. नाच मला पाठ होता, झोपेत उठवलं असतं तरी केला असता. चुकत होते ती माझ्या मनाने चुकत होते."

इकाने तोंडावर हात धरला, पण हसू सुटलंच. तिने खुर्ची जवळ ओढली. भीड चेपली होती आणि तिला आता खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग सारखं त्यांच्याकडे का बघत होतात, लोला?"

पुरिताने उत्तर शोधलं नाही. ते कधीपासून तिथेच असावं तसं आलं.

"सगळ्या मनिलाने तिकीट काढलं होतं, आणि सगळ्यांत जवळची जागा माझी होती. तू असतीस तर कुठे बघितलं असतंस?"

रेन्झोने मान खाली घातली, मग बटण दाबलं. तुतारी दम खात सुरू झाली. फळीवर चार पाय उतरले आणि गॅरेजमधली ती चौघं एकदमच पुढे झुकली; उजवीकडे त्यांच्यातलं कुणीच बघत नव्हतं, पुरिता तर नाहीच.